वरच्या खोलीतला हात

“त्याला म्हणावं, ड्रम वाजवतोयस की गादी झोडपतोयस?” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

सून नुकतीच जिना उतरून आली होती. हातात रिकामं ताट. “सांगते, आई.”

“मधोमध मारतो नुसता. ढब्ब, ढब्ब. काठाकडे सरक म्हणावं जरा. तिथं कातडं बोलतं. आणि जेवला का?”

“जेवले.”

“हल्ली कांदासुद्धा उरत नाही ताटात,” म्हणत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या.

कांदा उरणार कसा? ते ताट सुनेनंच वर बसून संपवलं होतं. वरच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

नवरा पिशवी घेऊन मागच्या जिन्यानं निघून गेला होता. कुणाबरोबर, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पलंगाला खिळलेल्या म्हातारीला. मायलेकांचा वर्षभर अबोला. तो वरच राहायचा, वरच जेवायचा, आणि तिकडच्या तिकडे नाटकगृहात वाजवायला जायचा. त्याचं तोंड दिसलं नाही म्हणून खाली काही अडत नव्हतं. अडलं ते आवाजापाशी. रियाजाची वेळ टळली, तशा सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, “आज वर सामसूम का गं?” सून घाबरून वर धावली, हाताला लागल्या त्या काठ्या उचलल्या आणि बडवत सुटली.

काय करणार? घर सासूबाईंचं. माहेरी कुणी उरलेलं नाही. नवराच नाही तर सून कसली, असं म्हातारी एकदा म्हणाली की पिशवी भरायची पाळी हिची.

मग तेच सुरू झालं. दिवसभर लाँड्रीत इस्त्री ओढायची, घरी येऊन स्वयंपाक करायचा आणि मग वर जाऊन ड्रम. खांदे भरून यायचे. खाली उतरलं की तक्रारी तयारच.

“काठी आवळून धरतो गाढव. आवाज गुदमरतो. मारलं की सोडायचं, तापल्या तव्याला बोट लागल्यासारखं.”

“आज कातडं सर्दावलंय. शेगडीजवळ धर म्हणावं.”

“ते ड्रमवरचं फडकं काढ म्हणावं. सगळे ठोके एका रंगाचे व्हायला लागलेत.”

सून ‘सांगते’ म्हणायची, वर जायची आणि रिकाम्या खोलीत सांगितलं तसं करून बघायची. नाही केलं तर संशय आला असता. असं करता करता एका संध्याकाळी काठी काठाजवळ अलगद पडली आणि ड्रम घंटेसारखा घुमला. ती स्वतःच दचकली. तोच ड्रम, तीच काठी. बोटभर जागा बदलली तर जसं काही दुसरंच वाद्य. खाली आली तर सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं हीच शाबासकी, एवढं तिला लग्नानंतर कळून चुकलं होतं.

“आई, खालून एवढं कसं कळतं तुम्हाला?” तिनं एकदा भीत भीत विचारलं.

“जन्म गेला त्या नाटकगृहात व्हायोलिन घासण्यात. एकच सूर बासरीतून आला आणि व्हायोलिनमधून आला, तर तुला वेगळा कळतो ना?”

“कळतो.”

“सूर तर तोच. पण आवाजाला अंगचा रंग असतो बाई. माणूस दाराआडून बोलला तरी ओळखू येतो, तसा.”

सुनेची नजर छताकडे गेली. पण सासूबाईंनी लगेच चहा मागितला, आणि विषय तिथंच राहिला.

आणि एक दिवस त्या सहज म्हणाल्या, “रविवारी नाटकगृहातल्या वाद्यवृंदाचे मास्तर यायचेत. मीच फोन केला होता.”

सुनेनं हातातली कपबशी खाली ठेवली. नवरा नोकरी सोडून पळाला, हे मास्तरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी एक शब्द काढला की संपलं. रविवारी सकाळी तिनं आपले चार कपडे पिशवीत भरून पिशवी जिन्याखाली ठेवली. भीती अशी वाटलीच नाही. लपवून लपवून ती इतकी दमली होती.

मास्तर धापा टाकत आले. “काय बाई, अजून आहात?”

“तुमचा ठेका सुधारतो का बघायला थांबलेय. सुधारला?”

“नाही बुवा.”

“मग थांबते अजून.”

दोघं हसले. सून पुढे झाली. “मास्तर, ते आज घरी...”

“तू वर जा,” सासूबाईंनी तिला तोडलं. “वाजव म्हणावं. मधलं, काठावरचं, सगळं. मास्तर ऐकतायत.”

जिना चढताना पाय ओढावे लागले नाहीत. आता लपवण्यात काय अर्थ होता? पण निदान शेवटचं तरी म्हातारीला नीट ऐकू जावं, म्हणून तिनं मनगट सैल सोडलं आणि हात भरून येईपर्यंत वाजवलं.

ती खाली आली तेव्हा मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि थेट तिच्या हातांकडे पाहिलं.

“उद्यापासून तालमीला या,” ते म्हणाले. “शिकायला कधीपासून लागलात?”

सून सासूबाईंकडे बघू लागली. सासूबाईंनी पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि तिच्या वतीनं उत्तर दिलं.

“माझा मुलगा घर सोडून गेला, त्या संध्याकाळपासून.”