दोन वर्षांचं कॉलेज

कॉलेज दाखवायला आलेली कोरिना स्वतः तिथलीच विद्यार्थिनी होती. वेल्डिंगचं वर्कशॉप, लायब्ररी, नर्सिंगची लॅब, सगळं फिरून झालं तरी जनेल एक शब्द बोलली नव्हती. गेल्या वर्षी मोठी युनिव्हर्सिटी अर्ध्यात सोडून ती ओहायोला घरी परतली, तेव्हापासून तिचं असंच होतं. विचारायचं ते सगळं तिचा बाप वर्लिनच विचारत होता.

"दोन वर्षांचंच कॉलेज ना हे? तुझं कितवं वर्ष?"

"सहावं," कोरिना म्हणाली.

"घ्या! म्हणजे इथून कोणी बाहेरच पडत नाही."

"पडतात हो. माझंच दोनदा सुटलं. एकदा आई आजारी होती म्हणून, आणि एकदा मलाच नको झालं म्हणून."

वर्लिनने खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल गं, कळलं काय कळायचं ते."

जनेल जागची हलली नाही.

"तू परत आलीस," तिने कोरिनाला हळूच विचारलं, "तेव्हा काय म्हणाले गं हे लोक?"

कोरिनाला आठवायला जरा वेळ लागला.

"म्हणाले, पार्किंग आता मागच्या बाजूला गेलंय."