सदराचा उपयोग

गोटीराम निकमांनी लूना स्टँडवर लावली, खिशातलं पत्र काढलं आणि पुंजापुढे धरलं. "पुंजाभाऊ, हे तुम्हीच पाठवलं ना?"

पुंजा गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर जाळं टाकणारा. ओल्या जाळ्यातला काडीकचरा वेचता वेचता त्याने मान वर केली. "आम्हीच. मास्तरांकडून लिहून घेतलं. खाली अंगठे आमचे हायत. काय चुकलं का, साहेब?"

"चुकलं कसलं? उपकार केलेत."

आणि ते उपकारच होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून गोटीराम दर शनिवारी पेपरात मासेमारीचं सदर लिहीत. कुठल्या काठाला कुठला मासा गळाला लागतोय, आमिषाला गांडूळ बरं की कणीक, पाणी किती उतरलं, सगळं गुरुवारी स्वतः धरणाला फेरी मारून, डोळ्यांनी बघून. ऐकीव एक अक्षर नाही. तरी वाचकांची तक्रार एकच. सदर वाचून गेलो, दिवसभर बसलो, शेपूटही दिसलं नाही. शेवटी संपादक कंटाळले. सदर उपयोगी आहे असं म्हणणारे दोन वाचक सोमवारपर्यंत दाखवा, त्यातला एक तरी शहरातला, नाहीतर ती जागा राशिभविष्याला देतो, असं त्यांनी सांगून टाकलं. आज रविवार. राशिभविष्यापुढे हार खायची, या विचाराने गोटीरामांना दोन दिवस घास गोड लागला नव्हता.

"आमच्या बारा घरांना फायदा होतो, असं लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "नेमका कसा होतो? उद्या संपादकांना सांगायला बरं." विचारताना छाती थोडी फुगलीच होती.

पुंजा खुलला. "आता बघा. तुम्ही लिव्हता, गंगावऱ्ह्याच्या अंगाला मासा हाय. की रविवारी शंभर माणूस तिथं. रेडिओ, पोरंसोरं, पाण्यात दगडं. एवढा गलका झाल्यावर मासा थांबतो का? तो पळतो पल्याड. आन् पल्याड आम्ही जाळी लावून बसलेलो." त्याने दोन्ही हात पसरून पुढे ढकलत नेले. "रानात डुकरामागं डबे वाजवत हाका करतात ना, तसं. शनिवारी मास्तर पेपर वाचतात, मग आमचं ठरतं, जाळी कुठं लावायची. सदर बंद झालं तर लय अवघड होईल, साहेब."

पुंजाच्या चेहऱ्यावर चेष्टेचं नावही नव्हतं, म्हणून तर गोटीरामांना जास्त लागलं. वर्षभर उन्हातान्हात काठ तुडवले, आणि हिशेब काय निघाला, तर आपण डबे वाजवणाऱ्यांचे मुकादम. ते पत्र फाडून धरणात टाकावं, असं एकदा मनात येऊन गेलं.

"म्हणजे माझे वाचक रिकाम्या हातांनीच घरी जातात म्हणायचे," ते पुटपुटले.

"रिकाम्या कशाला?" पुंजाची बायको रंगूबाई माशांच्या पाटीवरचा ओला गोणपाट सारखा करत म्हणाली. "जाताना माझ्याकडून घेऊन जातात की. हे बघा, आलंच गिऱ्हाईक."

स्कूटर थांबली. मागे नवीकोरी गळाची काठी बांधलेली, पुढे पाण्याची बाटली, मध्ये उन्हाने लाल झालेले एक गृहस्थ. उतरल्या उतरल्या त्यांनी पाटीत बोट घातलं. "हा रोहू द्या. आणि मावशी, मागच्या वेळेसारखं करू नका. तोंडाला भोक पाडून द्या. माशाचं तोंड धड बघून बायकोने चार शेजाऱ्यांदेखत माझी लाज काढली."

"देते ना," म्हणत रंगूबाईने दाभण उचललं आणि रोहूच्या वरच्या ओठाच्या मधोमध टेकवलं.

"अहो, तिथे नाही!" गोटीराम ओरडलेच. त्यांना राहवेना. दाभण बाजूला सारून त्यांनी रोहू स्वतःच्या हातात घेतला, पिशवीतल्या डबीतून एक गळ निवडला, जबड्याच्या कडेला रुतवला आणि एक हिसका दिला. "मासा आमिष तोंडात घेऊन वळतो, म्हणून गळ कडेला लागतो. आणि जखम अशी ओढून फाटल्यासारखी दिसते. मधोमध गोल भोक पाडलं तर कुणीही म्हणेल, दाभणाचं आहे. आमिष विचारलं तर कणकेचा गोळा सांगा. गांडूळ सांगाल तर पकडले जाल."

गृहस्थ ती जखम निरखून बघत राहिले. माशाचं तोंड उघडून पाहिलं, मिटवून पाहिलं.

"वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात उपयोगाची माहिती. पेपरात असलं काही छापत नाहीत बघा."

त्यांनी रोहू घ्यायला हात पुढे केला. गोटीरामांनी तो दिला नाही. कल्ल्यात बोटं अडकवून त्यांनी मासा तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पत्र पुढे केलं.

"राहता कुठे?"

"इथेच शहरात, द्वारकेला. का हो?"

"मग इथे, या अंगठ्यांच्या खाली सही करा. पत्ता पूर्ण लिहा."

गृहस्थांनी पत्र वाचलं. एकदा गोटीरामांकडे पाहिलं, एकदा माशाकडे. मग कागद स्कूटरच्या सीटवर ठेवून त्यांनी खिशातलं पेन काढलं.