पाहणीची वेळ

सरकारी दवाखान्यासमोर भर दुपारी, झोपमोड करून, कौतिकराव भुर्जीचा कांदा चिरत होते. त्यांची गाडी खरं तर रात्री दहाला लागायची. पण रात्रीच्या परवान्यासाठी पालिकेचे निरीक्षक दोनदा आले ते दुपारीच, आणि "धंदा बंद आढळला" असा शेरा मारून गेले. परवाना नाही म्हणून पोलीस रोज अकराला गाडी उठवत. शेवटी आज कौतिकरावांनी गाडी दुपारीच लावली.

निरीक्षक आले, दोन प्लेट भुर्जीपाव खाल्ला आणि लिहिलं, "धंदा दिवसा चालतो. रात्रीच्या परवान्याची गरज नाही."

कौतिकरावांनी सुरी खाली ठेवली. "साहेब, हात जोडतो. एकदा रात्री येऊन बघा की."

"रात्री?" तोंड पुसत साहेब म्हणाले, "उपाशी मारता काय मला? इथं रात्री खायला मिळतं कुठं!"