हेर क्रेमरच्या माशा

पद्माकर देवधरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे चोळले. टेबलाला आवळलेल्या छोट्या व्हाइसच्या जबड्यात तांदळाएवढा गळ अडकवला होता. त्यावर करडा दोरा गुंडाळून झाला होता, आता बदकाचं पीस बांधलं, की मासे फसवायची खोटी माशी तयार होणार होती. धड पाण्याखाली राहिलं पाहिजे, पीस पाण्यावर. ट्राउट माशाला वाटलं पाहिजे, की किडा आत्ताच कोशातून सुटून उडायच्या बेतात आहे.

"थोडं सैल," हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर म्हणाले आणि काठोकाठ भरलेला कॉफीचा कप त्यांनी देवधरांपुढे ठेवला. "गेनाऊ. असंच."

उभ्या जन्मात मासा न चाखलेल्या माणसाच्या नशिबी हे काय आलं, असं देवधरांना रोज वाटे. बायकोचं, शोभनाचं तेरावं होतंय न होतंय तोच खालच्या मजल्यावरच्या या जर्मन म्हाताऱ्याने बेल वाजवली होती. हात लटलटा कापत होते. "माशा बांधता येत नाहीत हो आता. तुम्ही इंजिनिअर ना?" नाही म्हणवेना. शोभनाचा म्हाताऱ्यावर जीव होता. आजारपणातही "अहो, क्रेमरना खिचडी देऊन येते" म्हणून खाली जायची ती तासभर तिथेच बसायची.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. मान अवघडायची, डोळ्यांना धारा लागायच्या. पुण्याहून मुलीचा, मैथिलीचा फोन यायचा. "बाबा, या ना आता. तिथे कुणासाठी राहिलाय?"

जावंसं फार वाटायचं. या गार्चिंग गावात आता जीव रमत नव्हता. पण इसार नदीच्या काठी गळ टाकून बसण्याशिवाय म्हाताऱ्याला होतं काय? त्याच्या माशा कोण बांधणार?

आज मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला.

"हेर क्रेमर, मी पुण्याला चाललोय. कायमचा. माफ करा. तुमचं कसं होणार, या काळजीनेच इतके दिवस राहिलो."

क्रेमरनी देवधरांकडे निरखून पाहिलं.

"आल्झो... बरं, करमेल तिथे? एकटे नाही ना पडणार?"

"नाही. नातवंडं आहेत."

क्रेमरनी मोठा सुस्कारा सोडला. व्हाइसचं तोंड स्वतःकडे वळवलं, नवा गळ अडकवला आणि बघता बघता, एकही बोट न थरथरता, देखणी माशी बांधून कपाशेजारी ठेवली.

"तुमच्या पत्नीला दिलेला शब्द एकदाचा पुरा झाला," ते म्हणाले. "माझीही मुलगी कधीची हांबुर्गला बोलावतेय."