कांडेसर

तळ्याकाठच्या सावरीवर करकोच्यांच्या जोडीने घरटं केलं होतं आणि धसईचा पंकज मुंबईच्या पाहुण्यांना ते दुर्बिणीतून दाखवत होता. त्याची बायको रविना मागे येऊन उभी राहिली तरी त्याला पत्ता नव्हता. शहापूरला तिच्या माहेरी मुलगी झाली, बारसंही उरकलं, पण हा तिकडे फिरकला नव्हता. शेवटी आज तीच लेकीला घेऊन एसटीने आली होती.

“याला कांडेसर म्हणतात. काळं अंग, लोकरीसारखी पांढरी मान, लांब लाल पाय. आता बसलाय तो नर,” पंकज रंगात येऊन सांगत होता. “ऊन चढलं की पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो. चोचीतून पाणी आणून पाजतो.”

पाहुण्यांना कोण कौतुक वाटलं. त्यांतल्या एकीचं रविनाकडे लक्ष गेलं. “या कोण?”

पंकज वळला आणि चपापला. “असतील गावातल्या कुणी.”

रविनाच्या अंगाची लाही लाही झाली.

“मी याची बायको! आन ही याची पोर. पोरगी झाली म्हणून तोंड बघायला पन आला नाय हा!”

दुर्बिणी खाली आल्या.

“लोकांसमोर नको गो. घरी चल,” पंकज पुटपुटला.

“का? मगाशी लय तोंड चालत होता ना तुजा? आता बोल!” तिने लेक थेट त्याच्या छातीपुढे धरली.

पंकजने लाजेने मान खाली घातली, तेव्हा कुठे त्याला पोरीचा चेहरा दिसला.