दोन किलोचं गिऱ्हाईक

"हात लावू नका," गाडीच्या बॉनेटखाली डोकं खुपसूनच मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "स्टुलावर बसा. वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"मी कुठं वाकलो? नुसता बघत होतो."

"काळ्या चष्म्यातून दिसतंय काय डोंबल!"

मिस्त्री मुकाट्यानं स्टुलावर टेकले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम आठ दिवस झाले होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या गाड्यांचे एसी दुरुस्त केले, आणि नेमका काल त्यांच्याच गाडीचा कॉम्प्रेसर जाम होऊन बसला. पट्टा जळल्याचा वास घरभर. आज दुपारी एक वाजता लेकीला दवाखान्यातून आणायचं होतं. आठव्या महिन्यातच घाईनं आलेली नात अठरा दिवस काचेच्या पेटीत होती, आता कुठं दोन किलोची झाली होती. तिला उन्हाची झळ लागू देऊ नका, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. जावई म्हणाला, टॅक्सी बोलावू. त्यावर मिस्त्रींनी दवाखान्यात चारचौघांत छाती पुढे काढून सांगितलं होतं की आमची नात आमच्याच गाडीतून येईल, आणि गारव्यात येईल. सांगितलं तेव्हा कॉम्प्रेसर शाबूत होता.

नवा कॉम्प्रेसर खोक्यातून निघून जागेवर बसला होता. बाईंनी मान न वळवता हात मागे केला.

"तेरा नंबर."

मिस्त्रींनीही सवयीनं हात पुढे केला. तीस वर्षं पाना मागायचं काम त्यांचं आणि द्यायचं काम बाईंचं. क्षणभर दोन रिकामे हात एकमेकांसमोर तसेच राहिले. मग मिस्त्रींनी पेटीत चाचपून पाना काढला आणि बाईंच्या हातावर ठेवला.

"हा बारा आहे."

"बरं, बरं. घे हा."

बाईंनी चारही बोल्ट आवळले. मिस्त्री आवाजावरून मोजत होते.

"पाइपांना नव्या रबरी कड्या घातल्यास?"

"घातल्या."

"ऑइल लावून?"

"नाही, तूप लावून! अहो, तुमच्याच हाताखाली शिकले ना मी?"

आपल्यावाचून काम नीट होतंय याचं मिस्त्रींना बरं वाटत होतं, आणि थोडं वाईटही. या नातीसाठी एक तरी बोल्ट आपल्या हातानं आवळावा असं फार मनात होतं. पण तसं बोलले असते तर बाईंनी डोळ्याची आठवण करून दिली असती.

व्हॅक्यूम पंप लावून वीस मिनिटं झाली तेव्हा बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"बास करू का? उशीर होईल."

"पाऊण तास म्हणजे पाऊण तास. आत ओल राहिली तर कॉम्प्रेसर पुन्हा जाम होईल. घाई दुसऱ्यांच्या नातीसाठी कर."

एवढं एक त्यांच्या मनासारखं झालं. पाऊण तासानं बाईंनी वजन करून गॅस भरला, इंजिन चालू केलं आणि गाडीत गार हवा येते त्या जाळीत थर्मामीटर खोचला. आकडे काही मिस्त्रींना दिसेनात, म्हणून बाईच वाचू लागल्या. अठरा. बारा. नऊ. सहा.

"सहा!" मिस्त्री स्टुलावरून उठलेच. "शोरूममधल्या नव्या गाडीला सहा येत नाही!"

बाईंनी कोपराला लागलेलं ग्रीस पुसलं, साडी बदलली आणि गाडी चालवायला बसल्या. मिस्त्री ऐटीत शेजारी. दवाखान्याबाहेर झाडाच्या सावलीत लावून त्यांनी अर्धा तास गाडी गार करवली. वाहनतळाचा रखवालदार इंजिन बंद करा म्हणायला आला, त्यालाही मिस्त्रींनी जाळीसमोर हात धरायला लावला.

लेक आली. तिनं मागचं दार उघडलं आणि बाळाला छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"अहो बाबा, ही गाडी आहे का फ्रिज?"

मिस्त्रींनी उतरून मागच्या दाराशी येऊन पाहिलं. दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं, त्यांच्या अंगठ्याएवढं. त्यांनी बोट लावलं. ते गार बोट लागताच पाचही इवली बोटं आत मुडपली. इतक्या वर्षांत प्रत्येक गिऱ्हाईकाची एकच तक्रार असायची, मिस्त्री, गार होत नाही. जास्त गार होतंय म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलंच नव्हतं.

"चूक झाली," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं.

दारं उघडून त्यांनी थोडी गरम हवा आत येऊ दिली. पंखा एकवर आणला. सगळ्या जाळ्या वर, काचेकडे वळवल्या. लेक बसली, गाडी निघाली. तरी मिस्त्रींना चैन पडेना. त्यांनी मधल्या दोन्ही जाळ्यांवर दोन्ही तळहात आडवे धरले.

"बाबा, हात काढा. मला इथं घाम फुटलाय."

"फुटू दे. तू मोठी आहेस."

दोन चौक गेले. तिसऱ्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा बाईंनी पाहिलं, मिस्त्रींची बोटं गारठून ताठली होती. बटण दाबून बाईंनी एसी बंद करून टाकला.

मिस्त्रींनी मात्र घर येईपर्यंत हात काढले नाहीत.