चमचाभर विरजण

स्नेहलताई रोज सकाळी गच्चीवर हात उघडा टाकून बसत. दंडावरची हिरवी पट्टी तासभर ऊन प्याली, की दिवसभराचं पोट भरे. धान्याचे भाव आभाळाला भिडले तेव्हा परदेशातून मदतीची जहाजं आली, पण गव्हाऐवजी या पट्ट्या घेऊन. कुणी उपाशी मेलं नाही, हे खरंच. पण परतवाड्याच्या त्या गल्लीत चूल पेटेनाशी झाली, आणि जो तो आपापल्या गच्चीवर एकटाच जेवू लागला.

स्नेहलताई मात्र हट्टानं महागाचं वाटीभर दूध आणून दही लावत. सासूबाईंपासून चालत आलेलं विरजण होतं ते. पूर्वी अख्खी गल्ली ते मागायला यायची. आता वर्षभरात दार वाजलं नव्हतं.

त्या दिवशी शेजारची मृण्मयी आली. "काकू, थोडं दही मिळेल?"

"थोडं कशाला? सगळं ने!" हर्षाच्या भरात ताईंनी वाटीच तिच्या हातात दिली. चमचाभर मागे ठेवायचं राहिलंच. "तुझं लागलं की मला विरजणापुरतं आण गं."

मृण्मयीनं न कळताच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन आली. "पट्टीभोवती फार आग होत होती, काकू. दही चोळलं नि थांबली बघा."

वाटी लख्ख घासलेली होती, आणि रिकामी. शेजारणीची वाटी तशीच परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नसावं.

दार लावून ताई आत आल्या. डब्यातली चिमूटभर साखर त्यांनी स्वतःच वाटीत घातली, आणि मगच ती फळीवर ठेवली.